अर्ध्या फोटॉनची खरखर



या विकांताला जरा आडवळणाचा विषय घेतोय. आधीच सांगतो, मी फिजिक्सवाला नाही. आठवडाभर सर्व्हर, लॉग आणि कोणाच्या तरी डेडलाइनी सांभाळणारा साधा सॉफ्टवेअरवाला आहे. पण काही महिन्यांपासून क्वांटम संगणकाबद्दल वाचायचं खूळ लागलंय. गंमत म्हणजे क्यूबिट, अल्गोरिदम वगैरे मुख्य नट-नट्या सोडून मी पडद्यामागच्या एका माणसापाशी अडकलो. तो म्हणजे अॅम्प्लिफायर. हो, गणपतीत मंडपामागे ठेवतात ना, त्याच जातीचा. फक्त हा सुपरकंडक्टिंग धातूचा, मायक्रोवेव्हवर चालणारा, आणि निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम ०.०२ अंशावर थंड बसलेला.

अडकायचं कारण असं. आपल्या धंद्यात 'आमची सिस्टिम फास्ट आहे' असं म्हणतात, तेव्हा ती कशापेक्षा फास्ट हे कोणी सांगत नाही. फार तर 'मागच्या रिलीजपेक्षा'. पण ही अॅम्प्लिफायरवाली मंडळी म्हणतात, 'यापेक्षा चांगला अॅम्प्लिफायर निसर्गच बनवू देत नाही, आणि आमचा त्या मर्यादेच्या इतका वर आहे.' हे वाचलं आणि मला हेवा वाटला. खरंच.

तर सुरुवात खरखरीपासून करू.

जुन्या रेडिओवर दोन स्टेशनांच्या मधे काटा नेला की खर्रर्र आवाज यायचा, आठवतंय? त्यातला काही भाग बाहेरून येतो आणि काही रेडिओच्या स्वतःच्या पोटातला असतो. कुठल्याही तारेतले, रेझिस्टरमधले इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत वळवळत असतात आणि त्यांच्या वळवळीतून खरखर तयार होते. १९२८ साली बेल लॅबमधल्या जॉन्सन यांनी ती मोजून दाखवली आणि नायक्विस्ट यांनी तिचं गणित मांडलं. जितकं तापमान जास्त तितकी खरखर जास्त, इतका सरळ हिशोब. म्हणूनच या क्षेत्रात खरखर चक्क केल्विनमध्ये सांगतात. 'या अॅम्प्लिफायरची खरखर ३ केल्विन' म्हणजे, ३ केल्विनला ठेवलेला रेझिस्टर जेवढी खरखर करेल तेवढी हा स्वतःच्या खिशातून सिग्नलमध्ये घालतो.

दुसरं एक एकक आहे, फोटॉनचं. मायक्रोवेव्हचीही ऊर्जा सुट्या सुट्या कणांत येते. ६ गिगाहर्ट्झचा एक फोटॉन म्हणजे तापमानाच्या भाषेत साधारण ०.२९ केल्विन. या मापाने मोजलं तर खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या रेझिस्टरची खरखर हजारभर फोटॉन भरते. आणि ०.०२ केल्विनला? उष्णतेची खरखर जवळजवळ संपलेलीच. 'जवळजवळ संपली' म्हणजे उरलं काय, ते पुढे येतंय.

आता सिग्नल बघा. सुपरकंडक्टिंग क्यूबिट ० आहे की १, हे बघायला त्याच्याजवळच्या छोट्या रेझोनेटरवर मायक्रोवेव्हची हलकीशी टिचकी मारतात आणि परत येणारी लहर ऐकतात. रेझोनेटरमध्ये एका वेळी दहा-वीस फोटॉन. जास्त घातले तर क्यूबिटच बिघडतो. यातून बाहेर येणारी शक्ती म्हणजे एका वॅटचा कोटीवा भाग, त्याचा कोटीवा भाग, आणि त्याचाही साधारण चाळिसावा! उपग्रहाचा जीपीएस सिग्नल तुमच्या फोनपर्यंत पोचतो तेव्हा साधारण तेवढाच क्षीण असतो. मग फोनला जमतं ते इथे का जमू नये? कारण फोनला वेळ आहे. तो मिलिसेकंदांमागून मिलिसेकंद सिग्नल गोळा करून खरखरीतून उपसून काढतो. क्यूबिटला तेवढा दम नाही, तोवर तो १ वरून ० वर घसरलेला असतो. गूगलने २०२४ मध्ये 'विलो' चिपवर एरर करेक्शन दाखवलं, त्यात मोजणीसकट एका फेरीला १.१ मायक्रोसेकंद लागत होता. म्हणजे ० की १, हा निकाल मायक्रोसेकंदाच्याही आत, एकाच प्रयत्नात लागायला हवा.

पूर्वी या कामाला चांगले ट्रान्झिस्टर अॅम्प्लिफायर वापरायचे, ४ केल्विनला ठेवून. आजही साखळीत पुढे ते असतातच. त्यांची खरखर २-३ केल्विन, म्हणजे सात ते दहा फोटॉन. ऐकायला किती छान! पण दहा फोटॉनची कुजबूज ऐकायला बसलेला माणूस स्वतःच दहा फोटॉनची बडबड करत असेल तर काय ऐकणार, कप्पाळ?

मग प्रश्न येतो, ही बडबड किती कमी करता येईल? शून्य?

नाही. आणि हीच या गोष्टीतली सगळ्यात सुंदर जागा आहे.

हॉस आणि मलन यांनी १९६२ मध्ये, आणि मग कार्लटन केव्ह्स यांनी १९८२ मधल्या एका गाजलेल्या पेपरात हे नीट मांडलं. कुठल्याही लहरीचे दोन भाग असतात, एक साइनचा आणि एक कोसाइनचा. क्वांटमचा नियम असा की हे दोन्ही भाग एकाच वेळी अगदी अचूक ठरलेले असूच शकत नाहीत. अगदी निर्वात, गारठलेल्या, काहीही नसलेल्या तारेतही त्यांची किंचित थरथर असते. ही थरथर अर्ध्या फोटॉनची. मघाशी 'जवळजवळ' म्हणालो ते हेच.

आता समजा तुम्ही असा अॅम्प्लिफायर बनवला की जो दोन्ही भाग शंभरपट मोठे करतो आणि स्वतःची काहीच खरखर घालत नाही. मग त्या मोठ्या सिग्नलच्या दोन प्रती करायच्या, एकीवर साइन मोजायचा, दुसरीवर कोसाइन. झालं, दोन्ही एकदम अचूक कळले, आणि हायझेनबर्ग साहेबांचा अनिश्चिततेचा नियम मोडला. निसर्ग हे होऊ देत नाही. कसं? अॅम्प्लिफायरलाच कमीत कमी आणखी अर्धा फोटॉन खरखर घालायला लावून. म्हणजे सिग्नलची स्वतःची अर्धी आणि अॅम्प्लिफायरची अर्धी, मिळून एक फोटॉन. ६ गिगाहर्ट्झला अॅम्प्लिफायरचा वाटा ०.१४ केल्विन. कितीही पैसे ओता, कितीही हुशार पोरं लावा, दोन्ही भाग वाढवायचे असतील तर याच्या खाली जाता येत नाही.

पळवाट एक आहे. दोन्ही प्रश्न विचारू नका, एकच विचारा. फक्त साइन वाढवा आणि कोसाइन तितकाच दाबून टाका. मग जादा खरखर शून्य असली तरी नियम मोडत नाही. म्हणजे तो अर्धा फोटॉन मशीनमधली घाण नाही. एकाच वेळी दोन प्रश्नांची उत्तरं मागण्याची ती किंमत आहे. हे कळलं तेव्हा मी लॅपटॉप मिटवून गॅलरीत फेऱ्या मारून आलो :)

बरं, हा प्रकार प्रत्यक्षात बनवतात कसा? झोपाळा आठवा. लहानपणी उभं राहून झोका घ्यायचो ना आपण? प्रत्येक हेलकाव्यात दोनदा खाली बसायचं, दोनदा उठायचं. कोणी ढकलत नाही तरी झोका चढत जातो. अट एकच, उठाबशांचा ताल झोक्याशी जुळला पाहिजे. उलट्या तालात उठलात तर झोका मरतो. हाच पॅरामेट्रिक अॅम्प्लिफायर! झोका म्हणजे सिग्नल आणि उठाबशा म्हणजे 'पंप', दुप्पट फ्रीक्वेन्सीची एक दणकट मायक्रोवेव्ह. एका तालातला भाग वाढतो, दुसऱ्या तालातला मरतो. वर सांगितलेली पळवाट इथे आपोआप मिळते. पंप सिग्नलच्या बरोबर दुप्पट नसून थोडा इकडेतिकडे असेल तर दोन्ही भाग वाढतात. पण मग सिग्नलसोबत 'आयडलर' नावाची एक जुळी लहर तयार होते, आणि ती स्वतःची अर्ध्या फोटॉनची थरथर घेऊन येते. केव्ह्सची किंमत अशी वसूल होते. निसर्गाकडे उधारी चालत नाही.

या झोक्याची दोरी म्हणजे जोसेफसन जंक्शन. अॅल्युमिनियमच्या दोन थरांमध्ये नॅनोमीटरभर जाडीचा ऑक्साइड, एवढंच. ब्रायन जोसेफसन यांनी १९६२ मध्ये याचं भाकीत केलं तेव्हा ते २२ वर्षांचे होते (आपण त्या वयात कॅम्पसच्या अॅप्टिट्यूड टेस्टची पुस्तकं चाळत होतो. असो.). हे जंक्शन म्हणजे पंपाच्या तालावर बदलणारं इंडक्टन्स, आणि त्यात रेझिस्टन्स जवळजवळ नाहीच. रेझिस्टन्स नाही म्हणजे वळवळणारे गरम इलेक्ट्रॉनही नाहीत. म्हणून हा पठ्ठ्या मर्यादेच्या इतका जवळ पोचतो.

बेल लॅबमध्ये बर्नार्ड युर्क आणि मंडळींनी १९८८ मध्ये असल्या अॅम्प्लिफायरने खरखर एका बाजूने दाबून दाखवली होती. खरी धामधूम सुरू झाली ती २००७-०८ नंतर, क्यूबिटवाल्यांना गरज पडली तेव्हा. २०११ मध्ये बर्कलीला इरफान सिद्दिकी यांच्या प्रयोगशाळेत आर. विजय आणि डॅनियल स्लिक्टर यांनी हाच अॅम्प्लिफायर लावून क्यूबिटच्या क्वांटम उड्या थेट बघितल्या. आधी हजारो मोजण्यांची सरासरी काढावी लागायची आणि सरासरीत उडी दिसत नाही, नुसता उतार दिसतो. इथे एकाच मोजणीत क्यूबिट १ वरून टपकन ० वर पडताना दिसला. हे विजय (पूर्ण नाव राजामणी विजयराघवन) पुढे आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये आले. तिथल्या त्यांच्या गटाने २०१५ मध्ये एक सुधारित अॅम्प्लिफायर छापला: १०० पट वाढ, ६४० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात जवळजवळ सपाट, खरखर क्वांटम मर्यादेच्या जवळ. साधे जोसेफसन अॅम्प्लिफायर एवढ्या वाढीला काही दहा मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातच दम टाकायचे, म्हणून याचं अप्रूप. आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये टीआयएफआर, पुण्यातली डीआरडीओची क्वांटम प्रयोगशाळा आणि टीसीएस यांनी मिळून ६ क्यूबिटच्या प्रोसेसरची चाचणी पुरी केल्याचं जाहीर झालं. चिप मुंबईची, कंट्रोल आणि मोजणीची मांडणी पुण्याची, क्लाउडचा इंटरफेस टीसीएसचा. म्हणजे आपल्यातलीच काही सॉफ्टवेअरची पोरं यात आहेत बरं का!

आता मुद्द्याची गोष्ट. 'मर्यादेच्या जवळ' म्हणता, पण हे मोजता कसं?

पद्धत जुनी आहे. ज्याचं तापमान तुम्हाला पक्कं माहीत आहे असा रेझिस्टर अॅम्प्लिफायरच्या तोंडाला लावायचा. तो थोडा थोडा गरम करायचा आणि बाहेर येणारी खरखर आलेखावर मांडत जायची. सरळ रेघ येते. ती रेघ मागे वाढवली की कळतं, रेझिस्टरने काहीच दिलं नसतं तर किती उरलं असतं. ते उरलेलं अॅम्प्लिफायरचं. इथे आणखी एक मजा आहे. रेझिस्टर पुरेसा थंड केला की रेघ सरळ खाली न जाता आडवी होते, कारण अर्ध्या फोटॉनची थरथर कितीही थंड केलं तरी जात नाही. म्हणजे 'काहीही नसण्याचा' आवाज आलेखावर चक्क दिसतो!

पण रेझिस्टर आणि अॅम्प्लिफायर यांच्यामध्ये केबल असते, कनेक्टर असतात, सिग्नलला एकाच दिशेने जाऊ देणारे सर्क्युलेटर असतात. प्रत्येक जण थोडी थोडी गळती करतो. नुसती १ डेसिबल गळती म्हणजे वीस टक्के फोटॉन वाटेतच गेले. पुढे कितीही वाढवा, ते परत येत नाहीत. आता ही गळती किती, याचा अंदाज चुकला तर? कमी धरली तर अॅम्प्लिफायर उगाच वाईट दिसतो. जास्त धरली तर उगाच चांगला दिसतो. आणि कधीकधी इतका चांगला की दोन्ही भाग वाढवणाऱ्या अॅम्प्लिफायरची खरखर ०.४ फोटॉन येते. आता आली का पंचाईत! ०.४ तर शक्यच नाही. अशा वेळी नोबेलचं भाषण लिहायला घ्यायचं नसतं, मुकाट्याने केबल पुन्हा मोजायची असते.

मला हे फार आवडलं. तळ कुठे आहे हे माहीत असेल तर तुम्ही स्वतःशीच खोटं बोलायला लागलात की तो तळच तुम्हाला पकडतो.

दुसरी गोष्ट म्हणजे 'कुठून मोजलं' हे सांगणं. थोडा हिशोब करू. समजा आदर्श अॅम्प्लिफायर आहे, एकूण खरखर १ फोटॉन. त्याच्यामागे दहा फोटॉनवाला ट्रान्झिस्टर. आधीच्या शंभरपट वाढीमुळे त्याचे दहा इथे ०.१ होतात (फ्रिस साहेबांचं १९४४ चं सूत्र: साखळीतला पहिला गडी चांगला असेल तर पुढच्यांची पापं झाकली जातात). एकूण १.१. झकास. पण क्यूबिटपासून अॅम्प्लिफायरपर्यंत २ डेसिबल गळती असेल तर क्यूबिटच्या दारातून बघितल्यावर हेच १.१ चे साधारण १.७ होतात. अॅम्प्लिफायर तोच. डेटाशीटवर १, प्रत्यक्षात १.७. २०१५ मध्ये बर्कली आणि एमआयटीच्या मंडळींनी दोन हजारांवर जंक्शनांची माळ करून एक नवा अॅम्प्लिफायर 'सायन्स'मध्ये छापला. एकाच वेळी २० क्यूबिट वाचता येतील एवढा त्याचा आवाका. त्याच्या गोषवाऱ्यात त्यांनी कार्यक्षमतेचे दोन आकडे दिलेत, ७५ टक्के, आणि पुढच्या अॅम्प्लिफायरांची खरखर धरून ७० टक्के. नुसता ७५ लिहून मोकळं होता आलं असतं. शेजारी ७० लिहिलाय, हे मला त्या अॅम्प्लिफायरइतकंच मोलाचं वाटतं.

या काटेकोरपणाने काय मिळतं त्याचा जुना दाखला द्यायलाच हवा. न्यू जर्सीत होल्मडेलला बेल लॅबचा एक भलामोठा शिंगाच्या आकाराचा अँटेना होता. त्यावर १९६१ च्या आसपास एड ओम नावाच्या इंजिनिअरने सगळ्या भागांच्या खरखरीची बेरीज केली आणि प्रत्यक्ष मोजली, तर तीनेक केल्विन जास्त भरली. पण मोजणीतली अनिश्चितताच दोन-तीन केल्विनची होती, त्यामुळे तो फरक तिच्यात विरून गेला. १९६४ मध्ये त्याच अँटेनावर पेन्झियास आणि विल्सन आले. त्यांनी द्रव हेलियममधला संदर्भ-रेझिस्टर लावला, प्रत्येक सांध्याचा वाटा मोजला, कबुतरांची घाणसुद्धा साफ केली. तरी साडेतीन केल्विन उरलेच. ते विश्वाच्या जन्माच्या वेळचं उरलेलं ऊन होतं! १९७८ चं नोबेल. तेव्हाचा अॅम्प्लिफायर सुपरकंडक्टिंग नव्हता, माणकाच्या स्फटिकाचा मेसर होता, पण धडा तोच. आपली स्वतःची खरखर नेमकी माहीत असेल तरच उरलेली खरखर कोणाची हे विचारता येतं.

आज तोच डाव कृष्णपदार्थाच्या शोधात चालू आहे. अॅक्सिऑन नावाचा कण असेल तर चुंबकीय क्षेत्रातल्या पोकळीत तो अगदी क्षीण मायक्रोवेव्ह सोडेल, पण कुठल्या फ्रीक्वेन्सीला ते माहीत नाही. म्हणून रेडिओचा काटा फिरवतात तसं एकेक जागा ऐकत जायचं. शोधाचा वेग खरखरीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. दहा फोटॉनच्या जागी एक फोटॉन खरखर असेल तर काम शंभरपट लवकर. शंभर वर्षांचं काम एका वर्षात. एका माणसाच्या आयुष्यात मावणारा प्रयोग आणि न मावणारा, यात एवढाच फरक! येलच्या हेस्टॅक प्रयोगाने तर २०२१ मध्ये ती निर्वाताची थरथरसुद्धा एका बाजूने दाबून शोधाचा वेग दुप्पट केल्याचं 'नेचर'मध्ये छापलं.

आता आपल्या मातीत येतो.

मागे मी एका प्रोजेक्टवर होतो (कुठल्या, ते राहू दे). डॅशबोर्डवर रिस्पॉन्स टाइम ४० मिलिसेकंद, हिरवागार. आणि इथे पुण्यातल्या सपोर्टच्या मुली फोनवर ग्राहकांच्या शिव्या खात होत्या, कारण पान उघडायला तीन सेकंद. ४० हा आकडा खोटा नव्हता. तो सर्व्हरच्या दारातून मोजलेला होता. ग्राहकाच्या दारातून कोणी मोजलाच नाही. आणि विचारलं की उत्तर ठरलेलं, "सर्व्हर अमेरिकेत आहेत रे बाबा, एवढा वेळ लागणारच."

लागणारच? किती लागणार? इथून अमेरिकेचा पूर्व किनारा साधारण साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. जाऊन येऊन सव्वाशे मिलिसेकंद. हा झाला आमचा अर्धा फोटॉन, याच्याशी भांडण नाही. पानासाठी अशा चार-पाच फेऱ्या लागल्या तरी अर्ध्या-पाऊण सेकंदाचा मामला. उरलेले सव्वादोन सेकंद कोणाचे? ते समुद्राचे नाहीत आणि आइनस्टाइनचेही नाहीत. ते आमचे होते. पण तो हिशोब कधी भिंतीवर लागलाच नाही, आणि मुली मात्र शिव्या खात राहिल्या.

'यापेक्षा चांगलं होऊच शकत नाही' हे वाक्य आपण दिवसातून दहा वेळा ऐकतो. कधी ते निसर्गाची मर्यादा असतं, पण बहुतेक वेळा ती नुसती सबब असते. दोन्ही ऐकायला सारखीच वाटतात. फरक कळायला तळ कुठे आहे ते काढावं लागतं, आपण त्याच्या किती वर आहोत ते मोजावं लागतं, आणि कोणाच्या दारातून मोजलं तेही लिहावं लागतं. अॅम्प्लिफायरवाल्यांनी हे काम चाळीस वर्षं चिकाटीने केलं आणि दहा फोटॉनवरून एकाच्या आसपास आले. आपल्याला तर ०.०२ केल्विनचा फ्रीजही लागत नाही. एक कागद आणि पेन्सिल पुरे.

तर मंडळी, सोमवारी हापिसात कोणी 'एवढं तर लागणारच' म्हणालं, तर शांतपणे विचारून बघा, "बरोबर आहे, पण यातलं निसर्गाचं किती आणि आपलं किती?"

चहा मात्र आधी पिऊन घ्या :)